पाठीमागचं बकल

गाडी हलली नाही. शटर वर गेलं होतं, लाल दिवा गरगरत होता, फाटकावरच्या शिपायाने हात आडवा करून दोन्ही बाजूंची वाहनं थोपवून धरली होती, आणि आगीचा बंब जागच्या जागी गुरगुरत उभा. तिसऱ्या मजल्यावर आग, खाली लाँड्री, आत एक म्हातारा अडकलाय, एवढं सगळं कळलेलं होतं. बावीस वर्षं बंब चालवणाऱ्या काकांचा हात हँडब्रेकवर होता, पण ब्रेक काही सुटत नव्हता, कारण काकांचे डोळे आरशात अडकले होते. आरशात मधल्या सीटपुढे ती, आजच या गाडीवर आलेली पोरगी, अर्धवट उभी होती. एका बाहीत हात घातलेला, दुसरी बाही हवेत लोंबकळत, गुडघा समोरच्या लोखंडाला टेकवून तोल सावरलेला, ओठ घट्ट मिटलेले. अगदी तसंच. सात वर्षांपूर्वी याच आरशात, याच सीटपुढे, असाच कोट घालताना शेवटचा दिसला होता त्यांचा दोस्त. फक्त त्याचे ओठ मिटलेले नव्हते, तो शीळ घालत होता.

"काका?" शेजारच्या सीटवरून साहेब म्हणाले. साहेब वयाने लहान, पण साहेब.

"बेल्ट," काका म्हणाले.

"काय?"

"मागच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलणार नाही."

मागे पैलवान खो खो हसला. "काका, सकाळी सकाळी काय खाऊन आलात? चला की!" त्याच्या पलीकडचा मौनी, जो दिवसातून चार वाक्यं बोलायचा, त्यानेही त्यातलं एक खर्चून टाकलं, "आग लागलीय हो." साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग काकांकडे, मग त्यांचा आवाज चढला. काकांनी इंजिनाचा आवाज ऐकला, साहेबांचा ऐकला नाही. आपण हे काय करतोय हे त्यांनाही नीट कळत नव्हतं. इतकंच कळत होतं की हा हात आता उठणार नाही, कापला तरी. मग मागे शिव्याशाप सुरू झाले, शोधाशोध सुरू झाली, कारण बेल्ट समोर नव्हतेच. प्रत्येक सीटचा पट्टा पाठीमागून वळसा घालून बकलात अडकवलेला होता आणि त्यावर सात-आठ वर्षांची धूळ बसली होती. ती वाकली, सीटमागे हात घातला, खटकन बकल सोडलं, आणि त्याच क्षणी डॅशबोर्डमधून तो आवाज आला. बीप. बीप. बीप. तो आवाज या गाडीत आहे हेसुद्धा लोक विसरून गेले होते. मग एकामागून एक तीन बकलं लागली, आवाज थांबला, काकांनी ब्रेक सोडला. साहेब दातओठ खात म्हणाले, "पन्नास सेकंद. पन्नास!"

म्हातारा वाचला. खोकत खोकत खाली आला आणि पहिलं काय विचारलं, तर चष्मा कुठे आहे. स्वयंपाकघर काळंठिक्कर पडलं होतं, पडदे गेले होते, बाकी काही नाही. ठाण्यावर परत आल्याआल्या साहेबांनी काकांना आत बोलावलं, दार लोटलं, कोरा कागद टेबलावर ठेवला. "काका, मी तुमच्या मुलासारखा आहे. पन्नास सेकंदांत म्हातारा गेला असता तर?" हा प्रश्न त्यांनी स्वतःला वाटेतच विचारून घेतला होता आणि उत्तर सापडलं नव्हतं. "वरून विचारणा होणार. खुलासा द्या. लिहा, हँडब्रेक अडकला होता. जुनी गाडी, अडकतो. विषय संपला. सहा वाजता तुमची ड्युटी संपते, त्याच्या आत द्या." मग हळूच, जिव्हाळ्याने, "तीन वर्षं राहिलीत तुमची. कशाला अंगाशी लावून घेता?" काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. विषय संपला, हे शब्द त्यांनी आधीही ऐकले होते. तेव्हा खुर्चीत दुसरे साहेब होते, पण टेबल हेच होतं.

दुपारी काका बंब धुवायला बसले. धुवायची पाळी त्यांची नव्हती, पण हाताला काम असलं की डोकं जरा थाऱ्यावर राहतं. पुढचं चाक धुतलं, मागचं धुतलं, आणि पाण्याची नळी दारावरून फिरवताना हात थबकला. हे डाव्या बाजूचं दार नवं. रंग मिळवताना रंगाऱ्याने चूक केली होती, उन्हात हे दार बाकीच्या गाडीपेक्षा किंचित नारिंगी दिसायचं. अपघातानंतर तेवढंच बदललं होतं गाडीत. बेल्टांना कुणी हात लावला नव्हता. काकांनीही नाही. स्वतःचा बेल्ट त्या दिवसापासून न चुकता लावायचे, गुपचूप, चोरी केल्यासारखा. मागच्या तिघांना मात्र कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलणार कुठल्या तोंडाने? ती तिन्ही बकलं त्यांनीच अडकवली होती. अशाच एका आळसावलेल्या दुपारी, हसत हसत. गाडी तेव्हा नवीकोरी होती आणि तिच्या त्या बीप-बीपने सगळे वैतागले होते. मागच्या सीटवर माणूस बसला आणि बेल्ट लावला नाही की ती बोंब मारायची. आता आगीला निघालेला माणूस कोट घालणार, बूट ओढणार, पाठीवर सिलिंडर चढवणार की बेल्टात अडकून बसणार? आणि सगळ्यात जास्त वैतागला होता तो शिट्टी.

शिट्टी म्हणजे काकांचा दोस्त. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे शिट्टीच म्हणायचे, कारण हा गडी आगीला जाताना शीळ घालायचा. लग्नाला निघाल्यासारखी. घाबरला की जास्तच गोड घालायचा, हे फक्त काकांना माहीत होतं. "अरे, हिला गप्प कर ना," तो बीपकडे बोट दाखवून म्हणाला होता, "माझा सूर जातो." मग काका मागच्या सीटवर चढले, एकेक पट्टा ओढला, पाठीमागून फिरवला, खटक, खटक, खटक. गाडी बिचारी समजली, तिघांनी बेल्ट लावले. बीप बंद. शिट्टीने पाठीवर थाप मारली, "मानलं तुला!" आणि चहा पाजला. केवढं कौतुक झालं त्या दुपारी. दुसऱ्या पाळीचे ड्रायव्हर येऊन बघून गेले आणि त्यांनी आपापल्या गाड्यांत तेच केलं. माणसाला आयुष्यात शाबासकी कशाकशाची मिळते बघा. काका नळी बंद करायला विसरले आणि पाणी नुसतंच वाहत राहिलं, त्यांच्या बुटांवरून, मोरीकडे.

पाण्याच्या टाकीजवळचं वळण काही अवघड नाही. डोळे मिटून घेता येईल इतकं सवयीचं. सात वर्षांपूर्वी त्या दिवशी समोरून एक मोटार आडवी घुसली, काकांनी स्टीअरिंग डावीकडून गर्रकन उजवीकडे फिरवलं, गाडी झुकली, पुन्हा सावरली. छान सावरली, असं त्यांच्या मनात आलंसुद्धा. स्वतःवर खूश झाले होते ते, अर्धा क्षण. मग कळलं की मागची शीळ थांबलीय. दार उघडं होतं, वाऱ्यावर आपटत होतं, आणि सीट रिकामी होती. एका बाहीत हात घातलेला कोट अंगावर तसाच होता त्याच्या, रस्त्यावर. पुढचं काकांना आठवत नाही असं ते सगळ्यांना सांगतात. आठवतं. सगळं आठवतं. आजही घरी कुकरची शिट्टी झाली की काका उठून बाहेर जाऊन उभे राहतात, आणि बायको काही विचारत नाही. नवऱ्याला आवाजाचा त्रास होतो असं तिने शेजारणीला सांगून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी चौकशीवाला आला. मागे डोकावला, मधल्या सीटचं बकल बघितलं, लागलेलं होतं. त्याने लिहून घेतलं, बकल लागलेले आढळले. काका तिथेच उभे होते, दोन हातांवर. त्यांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तेव्हाचे साहेब म्हणाले, "बघा, बेल्ट लावला होता म्हणजे त्याची काही चूक नाही. पट्टा सैल पडला, निसटला. घरच्यांना तेवढाच आधार. विषय संपला." आणि कागद पुढे सरकवला. काकांनी सही केली. मित्राची लाज राखली असं स्वतःला सांगितलं, बराच काळ सांगितलं. पण रात्री अंथरुणावर आडवं झालं की माणूस स्वतःशी फार खोटं बोलू शकत नाही. लाज स्वतःची राखली होती. वहिनींनी त्या अहवालाची प्रत शिट्टीच्या फोटोमागे खोचून ठेवली. दर वर्षी त्या दिवशी काका जातात, वहिनी चहाचा पहिला कप त्यांच्यापुढे ठेवतात आणि तेच म्हणतात, "बेल्ट लावला होता हो त्यांनी. निष्काळजी नव्हते. आता असतं एकेकाचं." काका मान हलवतात. आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवतात. आणि ठाण्यावर तर या अहवालाने वेगळाच गुण दाखवला. कुणी बेल्टचा विषय काढला की पैलवान हात झटकून म्हणायचा, "शिट्टीने लावला होता. वाचला का?" झालं, पुढे बोलणं खुंटायचं. एका सहीने काकांनी एक खोटं लिहिलं आणि सात वर्षं तीन पाळ्यांची माणसं त्या खोट्यावर बसून आगीला जात राहिली. आणि आता त्याच सीटवर ही.

"काका, नळी चालू आहे."

ती मागे उभी होती. हातात ओलं फडकं, कपाळावर सकाळची काजळी अजून तशीच. शिट्टीची पोरगी. बाप गेला तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल, दोन वेण्या होत्या. आता बावीसची. बापाच्या नावावर नोकरीला लागलेली नव्हती, धावून, दोर चढून, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर वाहून, पोरांना मागे टाकून लागली होती. दोन महिने दुसऱ्या पाळीत होती, आज पहिल्यांदा काकांच्या गाडीवर आली. तिने स्वतःच जाऊन नळी बंद केली, परत येऊन समोर उभी राहिली.

"सगळ्यांसमोर शोभा केलीत माझी."

"हो," काका म्हणाले.

"पहिला दिवस होता माझा तुमच्या गाडीवर. मला वाटलं, काका आहेत, घरचं माणूस आहे. पैलवानदादांना इतक्या वर्षांत कधी बोललात का बेल्ट लाव म्हणून?"

"नाही बोललो."

"मग मलाच का? बाई म्हणून?"

"तू उभी होतीस."

"सगळेच उभे राहतात! कोट काय बसून घालतात? आणि बेल्टचं मला तरी सांगू नका, काका." तिने कपाळावरची काजळी बाहीने पुसली. "बाबांनी लावला होता. काय झालं? माझ्या बाबतीत नशिबात असेल ते होईल. पण मी बांधून घेऊन मरणार नाही."

इथे काकांना गप्प बसता आलं असतं. सात वर्षांचा सराव होता. वळून दार पुसायचं, "बरं, बघू" म्हणायचं, साहेबांना हँडब्रेकचा कागद द्यायचा, तीन वर्षं काढायची. पण ती हट्टाने ओठ मिटून उभी होती, आणि तिच्या डाव्या हाताला कोटाचा बंद गुंडाळलेला होता, बाप गुंडाळायचा तसा. काकांना एकदम स्वतःचाच संताप आला. भीती नाही, दुःख नाही, संताप. किती दिवस? अजून कोण रस्त्यावर पडायला हवंय?

"नव्हता लावला," ते म्हणाले.

"काय?"

"तुझ्या बापाने बेल्ट लावला नव्हता. ये इकडे."

त्यांनी पुढे हात घालून किल्ली फिरवली आणि ते मागे गाडीत चढले. ती आली नाही, खाली दाराशी थांबली. काकांनी मधला पट्टा ओढला, सीटच्या पाठीमागून फिरवला आणि बकलात घातला. खटक. हात बरोबर त्याच वाटेने गेला, काही विसरला नव्हता. मग ते त्या सीटवर बसले, पट्टा पाठीमागे, छाती मोकळी. "बकल लागलंय?"

"लागलंय."

"गाडी ओरडतेय?"

"नाही."

काका उठले आणि सरळ दारातून खाली उतरले, तिच्यासमोर. "आणि मी कुठे आहे? असं लागलेलं होतं ते. कागदावर लिहिलं ते असं लिहिलं."

ती बघत राहिली. सीटकडे, बकलाकडे, मग काकांच्या हाताकडे. फार वेळ. तिला समजायला वेळ लागत नव्हता, समजलेलं आत घ्यायला लागत होता.

"हे कुणी केलं होतं?"

"मी."

"बाबांना माहीत होतं?"

"त्याने सांगितलं म्हणून केलं. त्याला शीळ घालताना बीपचा त्रास व्हायचा. पण हात माझा होता."

"आणि अहवालावर सही?"

"तीही माझीच."

"आई तुम्हाला चहाचा पहिला कप देते," ती म्हणाली. एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फडकं बादलीत टाकलं, पाणी उडालं, आणि ती पाठ फिरवून निघून गेली. मन मोकळं केलं की हलकं वाटतं म्हणतात. काही हलकंबिलकं वाटलं नाही. काकांना भडभडून आलं आणि ते किंचित नारिंगी दाराला कपाळ टेकवून उभे राहिले. दार उन्हाने तापलेलं होतं. मग त्यांनी डोळे पुसले, पुन्हा वर चढले, आणि मधलं बकल सोडलं. तिन्ही पट्टे पुढे ओढले, ओल्या फडक्याने पुसले. फडकं काळं झालं, तरी पुसत राहिले.

खुलासा लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. काकांचं अक्षर वाईट, म्हणून मोठं मोठं लिहिलं. 'सकाळी गाडी मीच थांबवली. हँडब्रेकला काही झालेलं नाही. मागच्या सीटवर कुणी बेल्टशिवाय बसलं तर उद्याही थांबवीन. सात वर्षांपूर्वीच्या अपघातात बेल्ट लावलेला नव्हता. बकल रिकाम्या पट्ट्याचं होतं, सीटच्या पाठीमागे. ते मी अडकवलं होतं, आणि मला माहीत असून मी खोट्या कागदावर सही केली.' खाली नाव, खाली सही. पावणेसहाला साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. साहेबांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, उठून दार लावून घेतलं.

"काका, हे फाडा."

"नाही फाडणार."

"अहो, नोकरी जाईल! चौकशी उघडेल. जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे? मी तुम्हाला हँडब्रेक लिहा म्हटलं होतं."

"हँडब्रेक धडधाकट आहे, साहेब. त्या बिचाऱ्यावर आळ कशाला घेऊ?"

"आणि उद्या तुमच्या पन्नास सेकंदांत माणूस मेला तर? ते पण लिहाल?"

"लिहीन," काका म्हणाले. "त्याचंही लिहीन. पण पोचलोच नाही तर सगळेच मेले. तो वरचाही आणि मागचाही. माझं एकदा ते करून झालंय, साहेब. मला माहीत आहे, तुम्हाला नाही." साहेबांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी बोलणार होते, बहुधा ज्याबद्दल नंतर वाईट वाटलं असतं असं, पण तेवढ्यात घंटा झाली.

धावपळ. वखारीला आग, बाजाराच्या पलीकडे, लाकडाची. रस्ता पाण्याच्या टाकीवरून. काका सीटवर चढले, किल्ली फिरवली, इंजिन घुमलं, शटर वर गेलं. मागे धप, धप, धप, तीन माणसं चढली. दार आपटलं. आणि गाडी ओरडायला लागली. बीप, बीप, बीप, मागच्या तिन्ही सीट एकदम. काकांनी स्वतःचा बेल्ट लावला आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. हँडब्रेकला हातसुद्धा लावला नाही. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, जबडा आवळला, आणि रागारागाने पट्टा ओढून खटकन लावला. मागे पैलवान पुटपुटला, "च्यायला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय," आणि खटक. मौनीचं नुसतं खटक ऐकू आलं. तरीही बीप चालूच. एकच सीट राहिली होती. मधली.

काकांना आरशात बघायची छाती झाली नाही. समोर फाटकावर शिपायाने दोन्हीकडची वाहनं थोपवली होती, एक बस हॉर्न वाजवत होती. बीप. बीप. तिला उतरून जायचं असेल तर ती उतरून जाईल, काकांच्या मनात आलं. तिने थुंकावं माझ्यावर. वहिनींना जाऊन सांगावं, सगळ्या गावाला सांगावं. आजपासून मला काका म्हणू नये. काही म्हणणं नाही माझं. पण या गाडीत, या सीटवर, त्या पट्ट्याशिवाय, नाही. मेलो तरी नाही.

"काका, पन्नास होतील," साहेब म्हणाले.

"होऊ देत."

मागून तिचा आवाज आला. कोरडा, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"तुमच्यासाठी लावत नाहीये."

"माझ्यासाठी नकोच लावूस," काका म्हणाले.

खटक.

बीप थांबला. काकांनी ब्रेक सोडला आणि बंब फाटकाबाहेर पडला. सायरन सुरू झाला. बाजार मागे पडला, पेट्रोलपंप मागे पडला, समोर पाण्याची टाकी आली आणि ते वळण आलं. सात वर्षं काका या वळणाला वेग पार कमी करायचे, इतका की मागचे चेष्टा करायचे. आज त्यांनी गाडी जशी घालायला हवी तशी घातली. बंब झुकला, सगळं पाणी टाकीतल्या टाकीत एका बाजूला गेलं, ते त्यांना सीटखाली जाणवलं, आणि गाडी सरळ झाली. दार मिटलेलं होतं. मागे कुणी कुणाच्या अंगावर पडलं नाही. मग काकांनी आरशात बघितलं. एका बाहीत हात, दुसरी बाही लोंबकळती, छातीवरून पट्टा आवळलेला, आणि ती आरशातून सरळ त्यांच्याकडे बघत होती, डोळ्यांत आग घेऊन, पापणीही न हलवता. काकांनी नजर चुकवली नाही. एक क्षण तिच्याकडे बघितलं, मान हलवली, मग रस्त्याकडे बघून गिअर बदलला.